चालण्याच्या अंतरावर

आमचा मेहुणा कंपनीच्या खर्चाने जपानला जाऊन आला. स्वतःच्या खर्चाने परदेशी गेलेला माणूस विमानतळावरच जमिनीवर येतो. कंपनीच्या खर्चाने गेलेल्याला निदान सहा महिने लागतात. आमचे मेहुणे चौथ्या महिन्यात आमच्याकडे शिरोड्याला आले. बहिणीसाठी त्यांनी जपानी पंखा आणला होता. माझ्या वाट्याला त्यांच्या क्योतोच्या हॉटेलातलं एक चकचकीत पत्रक आलं.

पत्रकावर मथळा होता, ‘आमच्या हॉटेलातून चालण्याच्या अंतरावर’. खाली यादी. हिगाशी होंगान-जी हे मंदिर ७ मिनिटं, शोसेइ-एन ही बाग १० मिनिटं, तो-जीचा पाच मजली लाकडी पॅगोडा १५ मिनिटं.

“मिनिटं मोजून दिलीयत, भाऊजी!” मेहुणा म्हणाला. “नाहीतर तुमचं गाव. इथे चालत जाऊन पाहण्यासारखं आहे तरी काय? मी मोबाइलवर शोधलं, एक कामाक्षीचं देऊळ तेवढं दिसलं.”

मी त्याला समजावलं की ते कामाक्षीचं देऊळ गोव्यातल्या शिरोड्याचं. ते शिरोडा फोंडा तालुक्यात आणि आपलं वेंगुर्ला तालुक्यात. चालत निघालास तर रजा वाढवून घ्यावी लागेल. बँकेतही एकाच नावाचे दोन खातेदार असले की एकाची रक्कम दुसऱ्याच्या नावे पडते, तसं आमच्या गावाचं पुण्य कायम त्या शिरोड्याच्या खात्यावर जमा होत असतं.

प्रकरण इथेच मिटलं असतं. पण आमचं बिऱ्हाड दोन खोल्यांचं, म्हणून मेहुण्याची झोपायची सोय आमच्या एका खातेदाराच्या लॉजवर केली होती. त्या मालकांनी ते पत्रक पाहिलं. दुसऱ्या दिवशी ते बँकेत माझ्या खिडकीशी उभे. “सायबानू, आमका पण असलो एक कागद लिवन देवा. तुमचा अक्षर बरा आसा.”

संगणक आल्यापासून माझ्या अक्षराची अशी तारीफ कोणी केली नव्हती. मी हो म्हणालो. वाणिज्य शाखेच्या पदवीधराने इतिहास लिहायला घेतला तो असा.

पहिली नोंद अर्थातच माउलीच्या देवळाची. गावची देवी, तिला डावलून यादी सुरू करायची हिंमत माझ्यात नाही. अंदाजाने ५ मिनिटं लिहिली. मग वाटलं, जपानी लोकांनी मोजून लिहिलंय, आपणही मोजावं. घड्याळ लावून लॉजवरून निघालो आणि पाऊण तासाने देवळात पोचलो. वाटेत तीन खातेदार भेटले. एकाला व्याजाचा दर हवा होता, दुसऱ्याला पासबुक भरून हवं होतं, तिसऱ्याला काहीच नको होतं आणि त्यालाच सर्वांत जास्त वेळ लागला. क्योतोत बहुधा बँकेच्या माणसाला कोणी ओळखत नसावं.

दुसरी नोंद शाळेची. १९२० साली बावीस वर्षांचा एक तरुण इथल्या ट्युटोरियल इंग्लिश स्कूलमध्ये मास्तर म्हणून आला आणि १९३८ पर्यंत राहिला. जन्मनाव गणेश आत्माराम. दत्तक गेल्यावर झाले विष्णु सखाराम खांडेकर. (खात्याचं नाव बदललं, शिल्लक तीच.) ‘हृदयाची हाक’ ही त्यांची पहिली कादंबरी १९३० सालची, ‘उल्का’ आणि ‘दोन ध्रुव’ १९३४ च्या. म्हणजे ही सगळी शिरोड्यातल्या मास्तरकीच्या काळातली. पुढे कोल्हापूरला गेल्यावर त्यांनी ‘ययाति’ लिहिली आणि तिने मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळवून दिलं. शाळेत त्यांचं स्मृतिसंग्रहालय आहे. मेहुण्याला मी तिथे नेलं. तो बराच वेळ गप्प होता. बाहेर आल्यावर म्हणाला, “अठरा वर्षं एकाच गावात?” माझी तीन वर्षांत बदली झाली नाही म्हणून मी विभागीय कार्यालयाला दोन अर्ज केले होते. मी विषय बदलला.

तिसरी नोंद आरवलीच्या वेतोबाची. शेजारचं गाव, चालायचं अंतर. वेतोबा म्हणजे गावाचा राखणदार, पुरुषभर उंचीहून मोठी उभी मूर्ती. पूर्वी फणसाच्या लाकडाची होती, आता पंचधातूची आहे. त्याला नवस फेडायचा तो केळीच्या घडाने आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपलांनी. कारण हा देव बसून राहणारा नाही. रात्री गावाच्या सीमेवर फिरून राखण करतो, त्यात त्याच्या वहाणा झिजतात अशी श्रद्धा आहे. त्या चपला देवळात मांडलेल्या असतात. मेहुण्याला आठवलं, हिगाशी होंगान-जीत काचेच्या पेटीत एक जाडजूड दोरखंड ठेवलाय. आगीत गेलेलं ते मंदिर पुन्हा बांधताना, १८९५ साली ते पुरं झालं, तुळया ओढायचे दोर तुटू लागले. तेव्हा भाविक बायकांनी आपले केस कापून दिले आणि त्यांचे दोर वळले. मला ही हकीकत फार आवडली. तिकडे देवासाठी केस, इकडे देवासाठी चपला. दोन्हीकडे माणसाने देवाची नेमकी अडचण ओळखली होती.

आरवलीचे म्हणजे जयवंत दळवींचेही गाव. ‘सारे प्रवासी घडीचे’ वाचून इथे आलेला पाहुणा प्रत्येक म्हाताऱ्याकडे संशयाने बघतो. ही सूचना मी पत्रकात घातली.

रेडीचा गणपती १९७६ साली खाणीच्या परिसरात सापडला. दोन हातांचा, मोठा प्रसन्न देव. पण चालण्याच्या अंतरात बसेना. वेळागरचा समुद्र आणि सुरूचं बन बसलं. आता बाग राहिली. मेहुण्याने क्योतोतल्याच र्‍योआन-जीच्या बागेचा फोटो दाखवला. झाड नाही, फूल नाही. नुसती पांढरी खडी आणि पंधरा दगड. भिक्षू दाताळ्याने खडीवर रेघा ओढतो, आणि लोक तिकीट काढून तासन् तास बघत बसतात.

“असली बाग आहे आपल्याकडे,” मी म्हणालो. एप्रिलचं ऊन उतरल्यावर मी त्याला मिठागरावर घेऊन गेलो.

मिठागर ही बघण्यासारखी गोष्ट नव्हे. भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत घट्ट होऊ द्यायचं, शेवटच्या वाफ्यात उन्हाने मीठ धरलं की लांब दांड्याच्या लाकडी फळीने ओढून काठाला रास करायची. एक माणूस ती फळी ओढत होता. रेघा तशाच उमटत होत्या. तिकीट नव्हतं.

१९३० साली या मिठावर मणाला १ रुपया ४ आणे कर होता. एप्रिलमध्ये गांधीजींनी दांडीला मीठ उचललं. तिथवर ते चोवीस दिवस चालत गेले होते. चालण्याचं अंतर म्हणजे काय, हे ज्याच्या त्याच्या कामावर असतं. शिरोडा तेव्हा इंग्रजांच्या रत्नागिरी जिल्ह्यात. एका अंगाला सावंतवाडी संस्थान, तेरेखोलच्या खाडीपलीकडे पोर्तुगीज. इंग्रजी मीठ मोडायचं तर ते इथे होतं. मे महिन्यात महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतून सत्याग्रही इथे आले. मे म्हणजे पावसाच्या तोंडावर राशी भरलेल्या असण्याचे दिवस.

आणि वेंगुर्ल्याहून आमचे आजोबा आले. आईचे वडील, वय पंधरा. घरी न सांगता, रात्रभर चालत, मोचेमाड, टांक, आरवली करत. आरवलीला वेतोबाच्या पाया पडले. “देवाच्या पायांत वहाणा होत्यो, माझ्या नाय,” असं सांगताना ते हसत. सकाळी सत्याग्रही मिठात शिरले, पोलीस काठ्या घेऊन शिरले, आणि आजोबाही कुठल्याशा गर्दीबरोबर आत ढकलले गेले. त्यांनी एक मूठ भरली आणि धूम ठोकली. घोट्यावर एक काठी बसली. मूठ सोडली नाही. घरी पोचेपर्यंत घामाने मीठ निम्मं विरघळलं होतं. पणजीने आधी थोबाडीत दिली, मग घोट्याला तेल चोळलं, मग उरलेलं मीठ पेजेत टाकलं. मुद्देमाल घरातल्या सगळ्यांनी मिळून खाल्ला.

तो पाय पुढे जन्मभर किंचित ओढत राहिला. १९७२ साली स्वातंत्र्यसैनिकांना केंद्राचं पेन्शन सुरू झालं, तेव्हा लोक म्हणाले, अर्ज करा. त्यासाठी सहा महिन्यांचा तुरुंगवास लागे. त्याचीही सोय करून देणारे गावोगाव भेटत. आजोबा म्हणाले, “मी बघूक गेललंय. काठी माका चुकान लागली.” अर्ज केला नाही.

मी बँकेत पेन्शनच्या खिडकीवर बरीच वर्षं काढली आहेत. दर नोव्हेंबरात हयातीचे दाखले घेतो. फॉर्म समोर असताना “हे माझं नाही” म्हणणारा माणूस मला अजून त्या खिडकीवर भेटलेला नाही. मीही एकदा न केलेल्या प्रवासाचा भत्ता घेतलेला आहे. तेव्हा याबद्दल फार बोलत नाही.

मेहुण्याला हे सगळं मी वाफ्याच्या बांधावर उभं राहून सांगितलं. त्याने मोबाइल खिशात ठेवला. खाली वाकला, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच मूठभर मीठ उचललं. फळी ओढणारा माणूस थांबला.

“घेवा, घेवा,” तो म्हणाला. “मूठभर मिठाक आता कोण इचारता!”

खरं आहे. मिठावर जीएसटीसुद्धा शून्य टक्के आहे.

पत्रक पुरं करून मी लॉजच्या मालकांना दिलं. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. शेवटची नोंद अशी होती : ‘मिठागर : २० मिनिटे. वेंगुर्ल्याहून आल्यास एक रात्र.’

“वेंगुर्ल्यासून चलत कोण येतलो, सायबानू?” त्यांनी माझ्याच खिशातलं पेन काढून ते वाक्य खोडलं आणि खाली आपल्या अक्षरात लिहिलं, ‘रिक्षा मिळेल.’