बेनकाका पुन्हा का मरतात?

मी स्पायडरमॅनचा कट्टर फॅन नाही. कॉमिक्सचे अंक कधी जमवले नाहीत, कुठला खलनायक कुठल्या अंकात आला तेही सांगता येणार नाही. सिनेमा लागला की बघायचा, एवढंच. पण २०१२ साली 'द अमेझिंग स्पायडरमॅन' बघताना वाटलं, हे सगळं आपण आत्ताच तर बघितलं होतं!

सॅम रेमीचा 'स्पायडरमॅन' आला २००२ मध्ये. कोळी चावतो, पीटर पार्करला शक्ती मिळते, एका चोराला तो 'मला काय त्याचं' म्हणत जाऊ देतो आणि त्यापायी बेनकाका जिवाला मुकतात. दहा वर्षांनी दिग्दर्शक मार्क वेब, टोबी मॅग्वायरच्या जागी अँड्र्यू गारफिल्ड. पण कोळी पुन्हा चावला, चोर पुन्हा सुटला, काका पुन्हा गेले. नवीन काय, तर आपला इरफान खान. तोही सिनेमाच्या मध्यावर जो गायब होतो, तो परत दिसतच नाही.

असं का, याचं उत्तर पडद्यावर नाही. ते करारनाम्यात आहे.

स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी १९६२ मध्ये स्पायडरमॅन जन्माला घातला. काकांचा मृत्यू त्या पहिल्याच छोट्या गोष्टीत आहे. सिनेमाचे हक्क मात्र १९८५ पासून या कंपनीकडून त्या कंपनीकडे फिरत राहिले, कोर्टकज्जे झाले. १९९६ मध्ये खुद्द मार्व्हलनेच दिवाळखोरी जाहीर केली. अखेर १९९९ मध्ये हक्क सोनीकडे आले, पण एका अटीसह: ठरलेल्या मुदतीत नवा सिनेमा काढत राहायचं, नाहीतर हक्क परत मार्व्हलकडे. कसेल त्याची जमीन, तसा काढेल त्याचा स्पायडरमॅन!

२००९ मध्ये डिस्नेने मार्व्हल विकत घ्यायचं ठरवलं. जानेवारी २०१० मध्ये रेमीचा चौथा भाग बारगळला. मुदतीचं घड्याळ तर चालूच होतं. सोनीने पाटी पुसली आणि पहिल्यापासून श्रीगणेशा केला.

आता तुम्ही म्हणाल, तीच गोष्ट पुन्हा सांगण्यात वाईट काय? काहीच नाही. अभिमन्यू चक्रव्यूहातून बाहेर येणार नाही हे कीर्तनाला बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, तरी डोळे भरून येतात. पण अभिमन्यू कुणाच्या मालकीचा नाही. बुवा ती गोष्ट सांगतात, कारण त्यांना ती सांगायची असते. गोष्ट हातची जाऊ नये म्हणून सांगितली, की बघणाऱ्याला ते जाणवतं. माझ्यासारख्या वरवरच्या फॅनलासुद्धा.

२०१५ मध्ये सोनी आणि मार्व्हलने हातमिळवणी केली. २०१७ च्या 'होमकमिंग'मध्ये टॉम हॉलंड आला तो थेट स्पायडरमॅन होऊनच. कोळ्याचा चावा नाही, काकांचा मृत्यूही नाही. प्रेक्षकाला सगळं पाठ आहे, हे एकदाचं कुणीतरी मान्य केलं होतं.

खरी गंमत २०२३ मध्ये झाली. 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' मराठीतही डब होऊन आला. त्यात मुंबई आणि मॅनहॅटन यांची भेसळ असलेलं मुंबॅटन आहे आणि तिथला स्पायडरमॅन पवित्र प्रभाकर. तिथे माइल्स मोरालेस एका पोलीस अधिकाऱ्याला मरणाच्या दारातून ओढून आणतो. त्याला शाबासकी मिळत नाही, उलट ऐकावं लागतं: हा माणूस मरायलाच हवा होता, प्रत्येक स्पायडरमॅनच्या गोष्टीत हे घडतंच, आणि आता तुझ्या वडिलांची पाळी आहे. माइल्स साफ नकार देतो.

साठ वर्षं काका मरत आले. अजूनही मरू देत, मी बघेन आणि रडेनही. फक्त ते पीटरला काहीतरी शिकवून जावेत. कंपनीची मुदत संपत आली म्हणून नकोत.