पत्त्याची शेवटची ओळ

पत्रावर पत्ता लिहिणे ही गोष्ट इतकी नित्याची आहे की, तिलाही काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु आपल्यापैकी अनेक कुटुंबांतील मुले-मुली आज सातासमुद्रापलीकडे स्थायिक झाली आहेत. बोलणे दूरध्वनीवर होते हे खरे. तरीही राखी, लग्नपत्रिका, आजीने शिवलेली दुपटी आणि मूळ दाखले टपालानेच जातात. राखीचे पाकीट परत आले तर सण निघून गेलेला असतो आणि दाखला परत आला तर अर्जाची मुदत टळलेली असते. म्हणून या साध्या वाटणाऱ्या विषयाचा थोडा मागोवा घेण्याचे आम्ही योजिले आहे.

परदेशी पत्र ही एके काळी मोठी किचकट बाब होती. निरनिराळ्या देशांचे आपसांत स्वतंत्र करार, वाटेतल्या राज्यांचे वेगवेगळे आकार आणि वजनाची मापेही भिन्न. जर्मन टपालखात्याचे प्रमुख हाइनरिख फॉन श्टेफान यांच्या पुढाकाराने ९ ऑक्टोबर १८७४ रोजी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे बावीस देशांनी एक करार केला. पत्रांच्या देवघेवीपुरती या सर्वांची भूमी एकच टपालक्षेत्र मानावी, हे त्याचे सार. १८७८ साली या संस्थेस ‘जागतिक टपाल संघ’ हे नाव मिळाले. हिंदुस्थान १८७६ मध्येच तिचा सभासद झाला होता. म्हणजे राजकीय स्वातंत्र्य मिळण्याच्या एकाहत्तर वर्षे आधी आपली पत्रे या जागतिक कुटुंबात दाखल झाली होती.

पत्ता कसा लिहावा याचे मर्म याच व्यवस्थेत आहे. पाकीट एक असले तरी त्याचे वाचक दोन असतात. आपल्याकडे टपालाची छाननी करणाऱ्याला केवळ देश पाहावयाचा असतो. गल्ली कोणती, घर कोणते, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. त्याच्यासाठी देशाचे पूर्ण नाव स्वतंत्र ओळीत, सर्वांत शेवटी, इंग्रजीच्या मोठ्या अक्षरांत लिहावयाचे. तेथे संक्षेप घातक ठरतो. ‘सी ए’ ही अक्षरे कॅनडाचीही आहेत आणि कॅलिफोर्नियाचीही. ‘आय एन’ म्हणजे इंडिया आणि इंडियानाही. जॉर्जिया हा देश आहे, तसेच ते अमेरिकेतील एक राज्यही आहे. लंडन हे शहर कॅनडातही आहे आणि हैदराबाद सिंधमध्येही.

उरलेल्या ओळींचा वाचक मात्र परक्या देशातील पोस्टमन. त्या त्याच्याच रीतीने लिहिल्या पाहिजेत. अमेरिकेत शहर, राज्याची दोन अक्षरे व पाच अंकी क्रमांक एका ओळीत येतात. इंग्लंडात टपालसंकेत वेगळ्या ओळीत लिहितात. जर्मनीत घरक्रमांक रस्त्याच्या नावानंतर येतो आणि टपालक्रमांक शहराच्या आधी. तेथे पोस्टमन पुष्कळदा पत्रपेटीवरील नाव पाहूनच पत्र टाकतो. तेव्हा चिरंजीव दुसऱ्याच्या घरी राहात असतील तर ‘द्वारा’ म्हणून घरमालकाचे नाव घालणे अगत्याचे. ‘मारुतीच्या देवळामागे’ ही आपली खूण तेथे निरुपयोगी आहे, आणि ‘चि.’, ‘सौ. कां.’ ही प्रेमाची उपपदेही पाकिटावर गोंधळच करतात. ती आतल्या मजकुरासाठी राखून ठेवावीत.

पत्ता वाचणाऱ्याची अडचण आपल्या देशातही कमी नव्हती. अनेक भाषा, अनेक लिप्या आणि एकाच नावाची कितीतरी गावे. तिच्यावर तोड काढली ती एका मराठी माणसाने. कोकणातील वेळणेश्वरचे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यातील वरिष्ठ अधिकारी आणि त्याचबरोबर संस्कृतचे नामवंत कवी. त्यांच्या योजनेनुसार १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा अंकी पिनकोड सुरू झाला. पहिला अंक विभागाचा, पहिले तीन मिळून छाननीच्या जिल्ह्याचे आणि शेवटचे तीन वाटप करणाऱ्या कचेरीचे.

याचे मोल आम्हा रायपूरकरांना विशेष कळावे. रेल्वे स्टेशनापलीकडच्या आमच्या गुढियारीचेच उदाहरण घ्या. १९४५ साली येथे आलेल्या पत्रावर ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ असे असणार; पुढे ‘मध्यप्रदेश’ आले; १ नोव्हेंबर २००० पासून ‘छत्तीसगड’ झाले. घर जागचे हलले नाही, राज्य मात्र बदलत गेले. पण १९७२ नंतर रायपूरचे ४९२ हे आकडे बदलले नाहीत. शिवाय त्यांतला पहिला चार हा अंक महाराष्ट्राचा आणि गोव्याचाही आहे. १९५६ पर्यंत नागपूर व रायपूर एकाच राज्यात होती; राज्यपुनर्रचनेने ती वेगळी झाली, टपालाने मात्र आपल्याला पुन्हा एका अंकाखाली आणून बसविले!

परदेशातून येणाऱ्या पत्रांस हाच अंक तारक ठरतो. गुढियारीतला ‘ढ’ रोमन लिपीत कोणी ‘डी’ने लिहितो, कोणी ‘आर’ने, कोणी त्यास ‘एच’ जोडतो, कोणी नाही. घरातील सर्वांनी एकच वर्तनी ठरवून, पिनकोड व शेवटी ‘इंडिया’ लिहून मुलांना कळवावी. मुलांचा पत्ताही त्यांच्याकडून लेखी मागवावा आणि अक्षरशः उतरवून घ्यावा. त्यात आपल्या पद्धतीची सुधारणा करू नये. पाकिटाच्या दर्शनी बाजूस, वरच्या डाव्या कोपऱ्यात, प्रेषक म्हणून आपला पूर्ण पत्ता द्यावा. पत्र पोचले नाही तर निदान ते आपल्या दारी परत तरी येईल.

मंडळाच्या प्रत्येक घरी अशी एक पत्त्यांची वही असावी, आणि घर बदलल्याचे कळताच त्याच दिवशी तीत नोंद व्हावी, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.