पोकळ भांड्यातून निघालेला नियम

हडपसर-रामटेकडीच्या औद्योगिक पट्ट्यात पावडर कोटिंगच्या शेडमध्ये पत्र्याची पेटी हँगरला टांगतात. पेटीला अर्थिंग असते, पावडर फवारणाऱ्या गनच्या टोकाला साधारण ६० ते १०० किलोव्होल्ट. भारित पावडर पेटीच्या बाहेरून, कडांना वळसा घालून मागेही जाऊन बसते, पण आतले कोपरे कोरडेच राहतात. मग व्होल्टेज उतरवून गन आत घालावी लागते. रोजची ही कटकट विद्युतभारांमधल्या बलाच्या नियमाची सख्खी नातलग आहे. त्या नियमाला कूलॉमचे नाव असले, तरी त्याचे कुळ पोकळ भांड्यापासून सुरू होते, असे माझे मत आहे.

बेंजामिन फ्रँकलिनला दिसले होते की, भारित धातूच्या भांड्यात दोऱ्याने सोडलेली बुचाची गोळी आतल्या बाजूकडे ओढली जात नाही. जोसेफ प्रीस्टलीने प्रयोग स्वतः करून पाहिला आणि न्यूटनचे गणित आठवले: पोकळ गोलाच्या आत गुरुत्वाकर्षण शून्य होते, कारण ते अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. तर विजेचेही तसेच असणार, असे त्याने १७६७मध्ये छापले. कॅव्हेंडिशने १७७२-७३च्या सुमारास गोलात गोल ठेवून हेच तपासले. घातांक २ पासून पन्नासांशापेक्षा जास्त ढळत नाही, एवढे त्याला कळले. पण त्याने ते छापलेच नाही. मॅक्सवेलने त्याची टिपणे १८७९मध्ये उजेडात आणली, तोवर श्रेय कूलॉमच्या पदरात पडले होते.

यावर कोणी म्हणेल, बल प्रत्यक्ष मोजले ते कूलॉमनेच. खरे आहे, आणि त्याचे मोल मोठे आहे. १७८५च्या त्याच्या निबंधात, तारेच्या पिळावरून बल मोजणाऱ्या तराजूतल्या भारित गोळ्यांमधले अंतर ३६, १८ आणि साडेआठ अंश, तर तारेचा पीळ ३६, १४४ आणि ५७५.५ अंश. अंतर निम्मे, बल चौपट. पण ही अवघी तीन वाचने आहेत. पीटर हीरिंग यांनी तो तराजू पुन्हा बांधला तेव्हा तसे आकडे मिळाले नाहीत. पुढे आल्बर्तो मार्टिनेझ यांना मिळाले. एवढ्या नाजूक मोजणीपेक्षा ‘आत काहीच नाही’ ही तपासणी कितीतरी बळकट. १९७१मध्ये विल्यम्स, फॅलर आणि हिल यांनीही एकात एक ठेवलेली पोकळ कवचेच वापरली. घातांकात फरक असलाच, तर तो दशांश चिन्हानंतर पंधरा शून्यांच्या पुढे.

पावडरच्या शेडमध्ये हवेचा झोत असतो, कण एकमेकांना ढकलतात. तिथे नियम सिद्ध होत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. सूत्रही तिथे सरळ लावता येत नाही, कारण ते स्थिर बिंदुभारांसाठी आहे. अर्थिंग केलेल्या पत्र्यावर कणाच्या सान्निध्याने विरुद्ध भार गोळा होतो आणि सपाट पत्रा असा ओढतो, जणू कणाचे विरुद्ध भाराचे प्रतिबिंब पत्र्यामागे तेवढ्याच अंतरावर बसले आहे. याच कारणाने सजातीय पण असमान भारांचे दोन धातूगोल फार जवळ आले, तर एकमेकांना ओढूही शकतात. यात नियम मोडत नाही, भार जागा बदलतात. सूत्र स्वतः अपुरे पडते ते अणूच्याही आत, मीटरच्या सुमारे लाख-कोटीव्या भागाइतक्या अंतरावर. तिथे निर्वाताचेच ध्रुवीकरण होते आणि बल सूत्रापेक्षा किंचित जास्त भरते.