कूपरेजच्या त्या संध्याकाळी

विरारहून सुटलेली लोकल चर्चगेटला पोहोचली, की थोड्याच वेळात पायी कूपरेजचे मैदान गाठता येई. रोव्हर्स चषकाचे सामने सुरू झाले म्हणजे आमच्या वसईतील काही नोकरदार कचेरीतून परस्पर तिकडे वळत. घरी त्यांचे जेवण झाकून ठेवलेले असे. गोव्याचा साळगावकर किंवा धेंपो संघ उतरणार असला, की धोबीतलावच्या कुडांतून गोवेकर दर्यावर्दी मंडळी येऊन बसत आणि कोकणीत असा काही गलका करीत, की शेजारी बसलेल्या आम्हां वसईकरांनाही तो संघ आपलाच वाटू लागे.

१८९१ साली सुरू झालेली ही स्पर्धा आरंभी गोऱ्या पलटणींचीच होती. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने ती प्रथमच भारतीयांच्या हाती आणली. पुढे १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलीस संघाने चषक कुणास हात लावू दिला नाही. मुंबईत खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझाने १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियावर तीन गोल केले, तेव्हा भारत चौथ्या क्रमांकावर पोहोचला होता. आज त्याच्या नावाचे मैदान वांद्र्यात आहे. रोव्हर्स स्पर्धा मात्र एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर बंद पडली. मफतलाल, ऑर्के या गिरण्यांचे संघ त्याआधीच गेले होते. महिंद्र युनायटेडने २००५-०६ साली राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० साली कंपनीने तो संघच मिटविला. कंपनीच्या हिशेबात संघ हा खर्चाचा एक रकाना होता; प्रेक्षकांच्या हिशेबात तो काय होता, हे कुणी विचारले नाही.

गोव्याची गोष्ट निराळी होती, असे आम्ही मानीत असू. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी १८८३ साली शिवोलीत हा खेळ आणला, असे गोव्यातील जाणकार सांगतात. तेथून तो चर्चच्या अंगणात, शाळांत आणि कापणी झालेल्या शेतांत पसरला. १९४६ साली सालेशियन धर्मगुरू गोव्यात आले. पोरांना धर्मशिक्षण द्यायचे, तर आधी खेळायला जागा द्यावी, ही संत जॉन बॉस्को यांची तुरीनमधली रीत त्यांनी पणजीतही चालविली. त्या भूमीतूनच ब्रह्मानंद संखवाळकरांसारखा गोलरक्षक आणि ब्रुनो कुतिन्होसारखा आघाडीवीर निपजला. १९९८-९९ साली साळगावकरने राष्ट्रीय लीग जिंकली. तो मान मिळविणारा तो गोव्याचा पहिला संघ. मग २००६-०७ ते २०१२-१३ या सात हंगामांत देशाचे अजिंक्यपद गोव्याबाहेर गेलेच नाही! चार वेळा धेंपो, दोनदा चर्चिल ब्रदर्स, एकदा साळगावकर. धेंपोच्या त्या यशामागे आर्मांदो कुलासो हे प्रशिक्षक होते. एवढ्याशा प्रांताने बंगालसह सबंध देशाला सात वर्षे मागे ठेवावे, ही घटना आपल्या मराठी वाचकांपर्यंत नीटशी पोहोचलीच नाही, याची आम्हांस खंत वाटते.

हे वैभव बव्हंशी खनिजाच्या पैशावर उभे होते, हेही सांगितले पाहिजे. मोठे क्लब खाणमालकांच्या घराण्यांचे. २०१२ साली गोव्यातील खाणी बंद झाल्या. २०१४ साली आयएसएल आली, आणि दोन वर्षांनी महासंघाने तिलाच पहिली श्रेणी करण्याचा बेत मांडला. जिंकूनही वर जाता येणार नसेल, तर खेळायचे कशासाठी? साळगावकर, स्पोर्टिंग क्लब आणि धेंपो २०१६ साली आयलीगमधून बाहेर पडले. एफसी गोवा हा नवा संघ चांगला खेळतो, त्याने २०१९ साली सुपर कप आणि २०२१ साली ड्युरँड चषकही जिंकला. परंतु वास्को विरुद्ध पणजी, सासष्टी विरुद्ध बार्देश ही चुरस एका संघात कशी मावावी?

इटलीचे उदाहरण येथे आठवते. १९९० साली युरोपातील तिन्ही क्लब-चषक मिलान, सांपदोरिया आणि युव्हेंतस या इटालियन संघांनी जिंकले, त्याच वर्षी मॅराडोनाच्या नापोलीने लीग जिंकली. विश्वचषकही त्या उन्हाळ्यात तेथेच भरला होता, आणि आम्ही तो दूरदर्शनवर रात्री जागून पाहिला. पुढे तेथेही पैसा आटला. २००४ साली नापोलीचे दिवाळे निघाले, संघ तिसऱ्या श्रेणीत गेला. पण शहराने त्याला सोडले नाही. २०२३ साली, तेहेतीस वर्षांनी, लीग पुन्हा नापोलीत आली.

धेंपोनेही असेच काही आरंभिले आहे. वरिष्ठ संघ राष्ट्रीय स्पर्धांतून गेला, तरी कुमारांचे संघ त्यांनी चालू ठेवले. सुवर्णकाळातील बचावपटू समीर नाईक यांना प्रशिक्षक नेमले आणि बहुतांशी स्थानिक मुले घेऊन २०२३-२४ साली आयलीगच्या खालच्या श्रेणीतून वर येऊन पुढच्या हंगामात ते आयलीगमध्ये परतले. अजिंक्यपद अजून दूर आहे. मात्र पोरे गावातली आहेत.

आपल्या वसईत कापणीनंतर ज्या शेतांत काठ्या रोवून गोल मांडीत, तेथे आता इमारती आहेत. उरली आहेत ती चर्चची आणि शाळांची मैदाने. रविवारच्या मिस्सेला येणाऱ्या मोटारी उभ्या करायला मैदानाचा एक भाग द्यावा, अशी सूचना धर्मग्रामाच्या सभांतून ऐकू येते. सूचना गैरवाजवी नाही. वयस्क मंडळींनी गाडी कोठे लावावी? पण एकदा घातलेली फरशी पुन्हा कुणी उखडीत नाही.

मागील नाताळच्या सुट्टीत अशाच एका मैदानावर आम्ही उभे होतो. दहा-बारा पोरे खेळत होती, प्रत्येकाच्या अंगात परदेशी क्लबाचा सदरा. चेंडू आणायला आलेल्या एकाला आम्ही विचारले, "साळगावकर, धेंपो ही नावे ऐकली आहेस का रे?" त्याने क्षणभर विचार केला.

"कुठल्या धर्मग्रामातले, अंकल?" असे म्हणून तो चेंडू घेऊन पळाला.