मुचकुंदीच्या मुखाशी अन्नाचा हिशेब

कोकणातील मुचकुंदी नदी जेथे सागरास मिळते, तेथील टेकडीवर पूर्णगडाचा छोटेखानी दुर्ग उभा आहे. त्याच्या परिसरातील अन्नाचा इतिहास मात्र तटबंदीपेक्षा खाचरांत, वरकस उतारांवर आणि वाळूत सुकणाऱ्या मासळीत शोधावा लागतो. खोती अमलाच्या काळात महसुलाच्या दृष्टीने दुय्यम गणलेल्या वरकस जमिनीत पिकणारी नाचणी, आणि भात कापल्यावर उरलेल्या ओलाव्यावर येऊन मातीस नत्र देणारा कुळीथ, ही गरिबाची धान्ये भूमीवर फारच थोडा भार टाकीत. तथापि वनस्पतिजन्य अन्न सर्वथा निरुपद्रवी, असे मला म्हणवत नाही. कारण भाताच्या तरव्यासाठी, म्हणजे रोपांच्या वाफ्यासाठी, ऐन-किंजळाची कवळे (पालेदार डहाळ्या) तोडून ती जाळण्याच्या, म्हणजे भाजावळीच्या, प्रघाताने कोकणचे कित्येक डोंगर बोडके झाले, आणि पाणी साठलेल्या खाचरातून मिथेन वायूही निघतो.

अन्नाच्या अशाच भाराचा हिशेब मांडणाऱ्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, ११९ देशांतील सुमारे ३८,७०० शेतांची माहिती तपासणाऱ्या एका संशोधनात गोमांसाचा पर्यावरणावरील भार सर्वाधिक आणि कडधान्यांचा अत्यल्प आढळला. किनाऱ्यावरून हातांनी ओढलेल्या रापण जाळ्याची, उन्हात विनाइंधन सुकविलेली मासळी प्राणिज असूनही गोमांसाच्या पंक्तीस बसविणे अन्यायाचे होय. डिझेल जाळणाऱ्या, समुद्रतळ खरवडणाऱ्या ट्रॉलरची गोष्ट निराळी. त्या लुटीस आवर घालण्यासाठीच महाराष्ट्राला १९८१ साली सागरी मासेमारी नियमन अधिनियम करावा लागला.