हॅम्बुर्गचं निळं वाद्य आणि त्याची संगणकातली नक्कल



तुमच्यापैकी पुष्कळ जण रियाझाला मोबाइलवरचा तानपुरा लावत असाल. मिरजेचा तानपुरा विमानातून आणायचा, त्याचा भोपळा जपायचा, हवा बदलली की तारा पुन्हा लावायच्या. त्यापेक्षा बटण दाबणं सोपं. पण जवारीचा तो गुंजारव मोबाइलमधून येतो का, हा वाद काही मिटत नाही. सिंथेसायझर वाजवणाऱ्यांच्या जगातही असाच एक वाद गेली पंचवीस वर्षं चालू आहे. आज त्या वादातल्या एका वाद्याची गोष्ट ऐका.

जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात वोल्फगांग पाल्म यांनी १९७० च्या दशकात पीपीजी नावाची छोटी कंपनी काढली. त्या काळचे बहुतेक सिंथेसायझर ॲनालॉग होते, म्हणजे विजेचा दाब वरखाली करून ते आवाज काढत. आवाज भरदार असे, पण लहरींचे आकार मोजकेच, आणि यंत्र तापलं की सूर सरकायचा. पाल्म यांनी वेगळी वाट धरली. लहरीचा आकार आकड्यांत लिहून मेमरीत ठेवायचा आणि पट्टी दाबली की ते आकडे भराभर वाचायचे. अशा ६४ लहरी ओळीनं मांडल्या आणि सूर चालू असतानाच एकीवरून दुसरीवर सरकत गेलं, तर आवाजाचा रंग बदलत जातो. लहरींच्या या ओळीला वेव्हटेबल म्हणतात.

सुरुवातीच्या डिजिटल यंत्रात फिल्टर नव्हता. आवाज पातळ आणि कानाला टोचणारा येई. म्हणून १९८१ च्या ‘वेव्ह २’ या निळ्या वाद्यात पाल्म यांनी आकड्यांतून आलेला आवाज जुन्या पद्धतीच्या ॲनालॉग फिल्टरमधून गाळून घेतला. अर्धं अंग डिजिटल, अर्धं ॲनालॉग, म्हणून अशा वाद्यांना हायब्रिड म्हणतात. पुढच्याच वर्षी ‘वेव्ह २.२’ आलं. टँजरीन ड्रीम, थॉमस डॉल्बी, डेपेश मोड यांनी पीपीजीची वाद्यं वापरली. हायब्रिडची कल्पना पुढे इतरांनीही उचलली: १९८५ साली कॉर्गचं डीडब्ल्यू-८०००, १९८६ साली एन्सोनिकचं ईएसक्यू-१ आणि सिक्वेन्शियलचं प्रॉफेट व्हीएस.

आता गोष्टीतली मुख्य गाठ. त्या काळी मेमरी फार महाग होती. म्हणून पाल्म यांनी लहरी ८ बिटांत लिहिल्या. म्हणजे लहरीची उंची मोजायला फक्त २५६ पायऱ्या. गोल वळणाच्या जागी बारीक जिना तयार झाला. त्यातून आवाजात एक खरखर आली, आणि वरच्या पट्टीत तर मुळात नसलेले स्वर आत घुसू लागले. अभियंत्याच्या वहीत हा सरळसरळ दोष. १९८३ साली यामाहाचं डीएक्स७ बाजारात आलं. ते पूर्ण डिजिटल, स्वच्छ आवाजाचं आणि पीपीजीपेक्षा कितीतरी स्वस्त होतं. १९८७ साली पीपीजी बंद पडली.

लोकांच्या कानात मात्र ती खरखर राहून गेली. पाल्म यांच्या वेव्हटेबलवर उभं राहिलेलं वाल्डोर्फ कंपनीचं मायक्रोवेव्ह १९८९ साली आलं, आणि २००० च्या सुमारास त्याच कंपनीनं मूळ वाद्याची संगणकातली नक्कल काढली: ‘पीपीजी वेव्ह २.व्ही’.

नक्कल करणाऱ्यापुढे दोन वेगळी कामं असतात. डिजिटल अर्धं अंग म्हणजे शेवटी आकडेच. ते चिपमधून वाचून जसेच्या तसे उतरवता येतात. इथे मोह होतो तो सुधारण्याचा. आजच्या संगणकाला मेमरीची वाण नाही, जिना घासून गुळगुळीत करणं सहज जमतं. पण तसं केलं की खरखर जाते आणि तिच्यासोबत वाद्याची ओळखही जाते. म्हणून चांगली नक्कल दोषसुद्धा जपून उतरवते. ॲनालॉग अर्ध्या अंगाचं काम उलटं. फिल्टर कुठल्याही चिपमध्ये आकड्यांत लिहिलेला नसतो. तो मोजायचा, त्याचं वागणं गणितात बसवायचं, आणि आठ आवाजांचे आठ फिल्टर एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत हेही ध्यानात ठेवायचं. ही प्रत कितीही जवळ गेली तरी अंदाजच असते.

तुम्ही म्हणाल, चला, वाद्य वाचलं तर! इथेच गंमत आहे. २०१९ साली ॲपलच्या नव्या मॅक प्रणालीनं ३२ बिटांचे जुने प्रोग्राम चालवणं थांबवलं. त्या काळच्या कितीतरी नकला एका अपडेटनं मुक्या झाल्या. चाळीस वर्षांचं निळं वाद्य मात्र जाणकार दुरुस्त करणारा मिळाला, तर आजही बोलतं. ज्या नकलेनं वाद्य जपायचं, तीच आधी म्हातारी झाली.

मग टिकलं काय? पाल्म यांची कल्पना टिकली. वेव्हटेबल आज सीरम, व्हायटल अशा सॉफ्टवेअरमध्ये रोजच्या वापरात आहे. घरच्या संगणकावर गाणं करणारी तुमची मुलंही ते वापरत असतील. वाद्य फुटलं तरी बंदिश शिष्याच्या गळ्यात राहते, तसंच हे.

जाता जाता एक काम सांगतो. तुम्ही असल्या सॉफ्टवेअरवर गाणी केली असतील, तर प्रत्येक वाद्याचा आवाज साध्या ऑडिओ फाइलमध्ये वेगळा उतरवून ठेवा. प्रोग्राम उद्या उघडेल याची खात्री नाही. आवाज राहिला, तर नातवंडं तो ऐकतील.

भेटूया पुढच्या भागात. नमस्कार.