आकड्यांनी सांगितलेले दुखणे

वैद्य आणि रुग्ण यांच्यामधील अंतर हे पुष्कळदा रोगाइतकेच घातक ठरते. या सत्याचा कठोर प्रत्यय ऑस्ट्रेलियाच्या विरळ वस्तीच्या अंतर्भागात वारंवार येत असे. १९१७ साली तेथे जिमी डार्सी नावाचा एक तरुण गुराखी घोड्यावरून पडून जबर जखमी झाला. सोबत्यांनी त्याला हॉल्स क्रीक या गावी आणले. पण तेथे डॉक्टर नव्हता, होते केवळ तारघर. पोस्टमास्तर टकेट यांनी शेकडो कोस दूर असलेल्या पर्थ शहरातील डॉक्टर हॉलंड यांना तारेने गाठले आणि मोर्सच्या संकेतांतून येणाऱ्या सूचनांबरहुकूम खिशातील चाकूने शस्त्रक्रिया केली. पुढे बोट, मोटार, घोडागाडी असा खडतर प्रवास करून डॉक्टर स्वतः येऊन पोहोचले, तेव्हा डार्सीला मरून एक दिवस लोटला होता.

अशा प्रसंगांनी रेव्हरंड जॉन फ्लिन यांचा ध्यास बळावला. १७ मे १९२८ रोजी त्यांच्या योजनेतील पहिले वैद्यकीय विमान क्लॉनकरीहून उडाले. परंतु त्या विमानाला हाक मारावी कशी? एकाकी वाड्यांवर ना तार होती, ना वीज. ॲडलेडच्या आल्फ्रेड ट्रेगर यांनी सायकलीसारखे पायटे मारून वीज निर्माण करणारे बिनतारी यंत्र सिद्ध केले, आणि १९२९ पासून ते वाड्यावाड्यांवर बसू लागले. पाय वीज पुरवीत, हात संदेश पाठवीत. पुढे संकेतांची जागा प्रत्यक्ष आवाजाने घेतली.

आवाज पोहोचला तरी अर्थ पोहोचतोच असे नाही. त्यावरचा उपाय विलक्षण साधा होता. १९४२ पासून वाड्यांवर औषधांच्या पेट्या ठेवण्यात आल्या. त्यांतील प्रत्येक औषधाला क्रमांक होता. मानवी शरीराच्या आकृतीवरही आकडे घालण्यात आले. आईने मुलाचे पोट कोणत्या आकड्यापाशी दुखते ते सांगावे, डॉक्टरांनी औषधाचा आकडा सांगावा. लॅटिन नावांचे अडसर दूर झाले. अर्थात हे संभाषण त्या लहरीवरील साऱ्या शेजाऱ्यांच्या कानी पडे. रुग्णाच्या गुप्ततेचे मोल देऊनच ही सोय मिळाली होती.

भारतात २०१९ साली सुरू झालेल्या ई-संजीवनीसारख्या सेवांमुळे डॉक्टर आता पडद्यावर दिसू लागला आहे. साधने पालटली, कसोटी मात्र तीच राहिली. रुग्णाचे म्हणणे डॉक्टरला कळले पाहिजे, डॉक्टरचे रुग्णाला उमगले पाहिजे, आणि ते तिसऱ्याच्या कानी जाता कामा नये. यंत्र अंतर तोडते. ही जबाबदारी माणसालाच पार पाडावी लागते.